वहिनींची पात

निर्मलावहिनींना विचारून हे लिहितो आहे. "लिहा. पण माझं वय लिहू नका, आणि मला बिचारी करू नका," एवढ्याच अटी त्यांनी घातल्या. माझ्या शिक्षणाला हातभार लावणाऱ्यांची नावं घ्यायची तर पुष्कळ आहेत, पण पहिलं नाव वहिनींचंच, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दहावीनंतर मी दादाबरोबर शेतात उतरायचं, असं अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवूनच टाकलं होतं. त्याच वर्षी वहिनी लग्न होऊन आल्या. कपाशीची निंदणी चालू होती. आमच्याकडे निंदताना प्रत्येकाने एकेक ओळ धरायची असते, तिला पात म्हणतात. नव्या सुनेने डोक्यावरचा पदर सावरत सासऱ्यांना सांगितलं, "भाऊजींना शिरपूरला शाळेत धाडा. त्यांची पात मी धरते." अण्णांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी एसटीत होतो आणि वहिनी स्वतःची पात संपवून माझ्या पातीत वाकल्या होत्या. त्यांची स्वतःची शाळा नववीत सुटली होती.

आज मी शिरपूरच्या एका धर्मादाय रुग्णालयात समुपदेशक आहे आणि राहतोही तिथेच; दादा-वहिनी गावी असतात. दिवसभर लोकांचं ऐकतो. परीक्षेत नापास झालेली मुलं, दारू सोडू पाहणारे बाप, रडायला जागा नसलेल्या बायका. हे काम मला आवडतं, पण अलीकडे संध्याकाळी चप्पल काढताना वाकायचंही जिवावर येतं. त्यात गेल्या पावसाळ्यापासून वहिनींचं बिनसलं. झोप उडाली, जेवणाची चव गेली. घरभर बोलत फिरणारी बाई भिंतीकडे तोंड करून बसू लागली. मी रोज ज्या खुणा इतरांमध्ये ओळखतो त्या सगळ्या गावी गेलो की माझ्याच घरात दिसत होत्या. आमच्या रुग्णालयात आठवड्यातून एकदा मानसोपचाराचे डॉक्टर येतात. "त्यांना एकदा दाखवू या," असं मी कितीदा म्हटलं असेन. वहिनींचं उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय? तुम्ही तुमचे पेशंट बघा."

अशात रुग्णालयाने मला इंदूरला एका प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता कृतज्ञता, मेंदूत तिचं काय होतं आणि समुपदेशनात ती कशी वापरायची. खरं सांगायचं तर विषयाची मला फार ओढ नव्हती. तिथून वहिनींना डॉक्टरांकडे नेण्याची काहीतरी युक्ती सापडेल, एवढ्या एका आशेवर मी बॅग भरली.

खलघाट

सेंधव्याला बस थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले. मी खिडकीला डोकं टेकून तसाच बसून राहिलो. डिसेंबरची थंडी, अंगावर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, आणि डोक्यात आदल्या दिवशीच्या पेशंटांचे आवाज.

खलघाटला नर्मदा लागली आणि अख्ख्या बसने हात जोडले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई घोरत होत्या. पुलाचा आवाज बदलताच त्या जाग्या झाल्या, हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या आणि पूल संपायच्या आत पुन्हा घोरायला लागल्या. आम्ही तापीकाठची माणसं. आमची नदी ओलांडताना आम्हीही हात जोडतो, पण इतक्या सवयीने, झोपेतसुद्धा जोडत असू असं वाटत नाही. प्रशिक्षणाच्या पत्रकात 'कृतज्ञतेचा सराव' असे शब्द होते. या बाईंनी तो कधीचाच केलेला दिसत होता.

मल्हारगंज

माझी राहायची सोय रुग्णालयाच्या ओळखीने मल्हारगंजात, जगदाळेकाका आणि काकूंकडे होती. गल्ली इतकी अरुंद की समोरून हातगाडी आली तर माणसाने दुकानाच्या पायरीवर चढायचं. खाली लेस, बटणं आणि साडीच्या फॉलचं दुकान, वरच्या मजल्यावर हे दोघं. काकांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. काका स्वतः वीजखात्यातून निवृत्त झालेले. फौजेचा विषय निघाला की काकू म्हणायच्या, "यांना विचारू नका हां, नाहीतर लढाई शुरू होऊन जाईल आणि चहा ठंडा."

त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी जरा गोंधळलो, दुसऱ्या दिवसापासून ती मला गोड लागली. क्रियापदं आपली, मधले शब्द हिंदी, आणि गाडी कुठेच अडत नाही.

"अहो भिया, इतक्या ठंडीत सुबह-सुबह कोण आंघोळ करतं? आधी पोहे खा, गरम-गरम. आणि जीरावण वरून टाकायचं, असं, मन मोकळं करून. तुमच्याकडे पोह्यांत काय टाकतात?"

"शेंगदाणे. आणि लिंबू."

"बस? शेव नाही?" काकूंनी काकांकडे असं पाहिलं, जणू माझ्यावर लहानपणी काही अन्याय झाला होता.

इथले पोहे वाफेवर ठेवतात, त्यामुळे ते आमच्यासारखे कढईला लागत नाहीत. त्यांवर शेव, कांदा, आंबट-तिखट जीरावणाची पूड, आणि शेजारी जिलेबी. जिलेबी पोह्यांबरोबर खायची हे मला पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र मी मागे वळून पाहिलं नाही.

पहिलाच अपघात कचऱ्याचा. मी खाऊन झालेली कागदी बशी, उरलेल्या कांद्यासकट, हाताला लागलेल्या डब्यात टाकली. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अरे रे रे! हे काय केलं? गीला वेगळा, सूखा वेगळा! गाडीवाला मला बोलेल ना, पूर्ण मोहल्ल्यासमोर!" त्यांनी डब्यात हात घालून माझी बशी बाहेर काढली आणि कांदा वेगळा केला. सकाळी गाणं वाजवत येणारी कचरागाडी हा या शहराचा अभिमान आहे, आणि त्या अभिमानाला मी पाहुणा म्हणून पहिल्याच दिवशी डाग लावला होता. आमच्या गावात उकिरडा सगळं पोटात घेतो, काही विचारत नाही.

अन्नपूर्णा

प्रशिक्षण अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका इमारतीत होतं. शिकवणाऱ्या मृणालमॅडम मूळच्या नागपूरच्या, काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त इथे आलेल्या. माझ्या शेजारी बसायचे राठौरजी, गौतमपुऱ्याच्या शाळेतले शिक्षक. मिशा दांडग्या, आवाज त्याहून. मुलांच्या तक्रारी ऐकता याव्यात म्हणून शाळेने त्यांना पाठवलं होतं. "मैं तो सुनता कम हूँ, बोलता ज्यादा हूँ," असं त्यांनी ओळख करून देतानाच सांगून टाकलं.

पहिल्या सत्रात डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं होतं. मी दिलं. पुढचं आठवतं ते राठौरजींचं कोपर. मी चक्क घोरत होतो. डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते.

"झोपू दे ना त्यांना," मृणालमॅडम म्हणाल्या. "आत्तापर्यंतचा सगळ्यात प्रामाणिक प्रतिसाद आहे."

मग पडद्यावर मेंदूची चित्रं आली. राखाडी मेंदू आणि त्यात केशरी ठिपके. कपाळाच्या मागे, मधोमध, एक भाग आहे. दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधताना आणि एखाद्या गोष्टीचं मोल ठरवताना तो कामाला लागतो. कोणी आपल्यासाठी मुद्दाम, स्वतःला तोशीस लावून काही केलं हे जाणवतं, तेव्हाही तो जागा होतो. मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली. "हा केशरी ठिपका म्हणजे कृतज्ञतेची ग्रंथी नव्हे. हाच भाग इतर पन्नास कामं करतो. आणि या सरावांचा फायदा होतो तो माफक असतो. औषधाला पर्याय म्हणून हे कोणाला देऊ नका."

हे मी वहीत उतरवून घेतलं. उतरवून घेतलेलं सगळं समजलेलं असतंच असं नाही.

कारण त्याच दिवशी त्यांनी एक साधा सराव सांगितला होता. झोपण्याआधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या. माझ्या थकलेल्या डोक्याला एकदम वाटलं, सापडलं. डॉक्टर नको, गोळी नको, दवाखान्याची पायरी नको. हे तर वहिनी घरच्या घरी करतील. मी जेवणाच्या सुट्टीतच दादाला फोन लावला. त्याचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे घरातलं कोंबडंसुद्धा संभाषणात सामील असतं.

"वहिनी, एक काम सांगतो. रोज तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या."

"कशाला?"

"मेंदूला सवय लागते. चांगलं बघायची."

"साहेब इंदूरला जाऊन हे शिकले?" मागे कोंबडं ओरडलं. मग, "बरं. आज नळाला पाणी आलं. तुमचा फोन आला. तिसरी उद्या सांगते, आजच्या संपल्या."

दादा हसला, मीही हसलो. पूर्वीच्या वहिनी परत आल्यासारखं वाटलं. मी समाधानाने जाऊन बसलो आणि दुपारच्या सत्रात जागा राहिलो.

दुसऱ्या दिवशी फोन त्यांनीच केला, दादाच्या नकळत. आवाज अगदी खाली.

"भाऊजी, मला काही आठवत नाही हो."

"असू दे, लहानसंही चालतं. चहा, ऊन..."

"तसं नाही. घर आहे, पोरं गुणी आहेत, तुमचा भाऊ वाईट वागत नाही. सगळं आहे, हे मला दिसतं. पण चांगलं वाटत नाही. काल रात्रभर तेच. माणसाला एवढं मिळून त्याचं काही नसावं म्हणजे मी केवढी कृतघ्न बाई असेन."

मी काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला.

त्या दिवशीची सत्रं मी शरीराने केली. संध्याकाळी मंदिराजवळ गराडूच्या गाडीवर मृणालमॅडम भेटल्या. गराडू म्हणजे थंडीत मिळणारा एक कंद. त्याचे तुकडे तळतात आणि मसाला, लिंबू मारून देतात. बाहेरून कुरकुरीत, आत सुरणासारखा, पण खाज नाही. मॅडमनी एक द्रोण माझ्या हातात दिला आणि माझं तोंड पाहून विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं. पेशंट म्हणून नाही, वहिनी म्हणूनच सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "पाय मोडलेल्या माणसाला सूर्यनमस्कार सांगितले तुम्ही," त्या म्हणाल्या. "व्यायाम चांगलाच आहे, पण आज नाही. खोल नैराश्यात असलेल्या माणसाला चांगलं दिसतं, पण जाणवत नाही. आपण 'कृतज्ञ राहा' म्हटलं की तो तेही स्वतःचा गुन्हा म्हणून मोजतो. आधी पाय जोडायचा. त्यासाठी डॉक्टर."

"त्या येत नाहीत. मी कितीदा सांगितलं."

"कसं सांगता?"

"सांगतो की तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं, आता मला तुमच्यासाठी करू द्या. तुमचे उपकार फेडायची संधी द्या."

मॅडम गराडूचा तुकडा चघळत राहिल्या. "उपकार फेडायचे ही भावना वेगळी आणि कृतज्ञता वेगळी. अभ्यासकही दोन्ही वेगळ्या मोजतात. फेडायचं म्हटलं की मन दडपतं आणि कधी सुटतो असं होतं. तुम्ही किती वर्षं फेडताय?"

मी वर्षं मोजू लागलो. गर्दीत, तळणाच्या धुरात उभं असताना माझा थकवा मला पहिल्यांदा ओळखीचा वाटला. तो सगळाच पेशंटांचा नव्हता. ज्याने कधी वही दिली, ज्याने कॉलेजात खोली दिली, ज्याने नोकरीसाठी शब्द टाकला, त्यांच्यापैकी कोणालाच मी कधी 'आज जमणार नाही' म्हटलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं हात जोडून उभा होतो, आणि हात जोडलेल्या माणसाला दुसऱ्याला धरता येत नाही.

"मग कसं सांगू?"

"ते मला नाही माहीत," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या घरची भाषा मला येत नाही. परवाच्या सत्रात आभाराचं पत्र लिहायचं आहे. तोवर विचार करा. आणि गराडू गार होतंय."

पुन्हा मल्हारगंज

त्या रात्रीच्या जेवणात काकूंनी मेथीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. माझ्यासाठी मुद्दाम, कारण मी ज्वारीवर वाढलो असं कधीतरी बोललो होतो. ताट उचलताना मी सवयीने म्हटलं, "धन्यवाद काकू."

काकूंनी हातातला चमचा ठेवला. "एक बोलू? वाईट वाटून घेऊ नका. चहा दिला, धन्यवाद. पाणी दिलं, धन्यवाद. आता भाकरीला पण. अहो, तुम्ही घर समजलात का होटल? मी कोणता एहसान केला?"

काका हसून म्हणाले, "अरे, शिकलेला मुलगा आहे. त्यांच्या कोर्समध्ये हेच सांगतात."

"मग कोर्स चुकीचा आहे," काकू म्हणाल्या. "आपल्या माणसाला कोणी थैंक्यू म्हणतं? म्हटलं की तो आपला राहत नाही."

मी ओशाळलो. आमच्याकडेही हेच आहे. आईला कधी कोणी आभार म्हणत नाही. वहिनींना मी एकदाच, पदवीच्या दिवशी, वाकून नमस्कार करत 'आभारी आहे' म्हणालो होतो. त्यांनी डोक्यात टपली मारली होती आणि विचारलं होतं, "मी काय पाहुणी आहे?" तरीही मी इतकी वर्षं त्यांच्याशी पाहुण्यासारखाच बोलत होतो. त्या देणाऱ्या आणि मी घेणारा. देणाऱ्याच्या जागेवर बसवून ठेवलेल्या बाईने हात कसा पुढे करायचा?

एवढं कळलं. पण मग काय म्हणायचं, ते कळत नव्हतं.

गौतमपुरा

मधे एक दिवस सुट्टीचा होता. मला खोलीत पडून राहायचं होतं, पण राठौरजींनी मोटारसायकल गल्लीत आणून उभीच केली. "चलो सरजी, दाल-बाफले खिलाता हूँ. चेहरा देखा है अपना? जैसे कोई उधार का पहनकर आए हो."

गौतमपुरा हिंगोटांसाठी प्रसिद्ध आहे. दिवाळीनंतर इथे दोन गट हिंगोट नावाच्या फळाच्या कवटीत फटाक्यांची दारू भरून ती पेटवतात आणि एकमेकांवर फेकतात. राठौरजींनी कोपरावरचा भाजल्याचा जुना डाग मला पदकासारखा दाखवला. "और जिसने मारा, वो मेरा साढू है. रात को उसी के घर खाना खाया."

जेवण झालं. आमच्याकडे बट्ट्या असतात, वरणाबरोबर. इथले बाफले तशाच जातीचे, पण आधी उकळून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. एक खाल्ला की माणूस शांत होतो, दुसरा खाल्ला की निरुपयोगी. राठौरजींच्या आईने मला निरुपयोगी केलं.

ते अंगातून उतरावं म्हणून आम्ही त्यांच्या शेतावर गेलो. लसणाच्या हिरव्या ओळी दूरवर गेलेल्या, ऊन कोवळं, आणि सात-आठ बायका निंदत बसलेल्या. आमच्याकडच्यासारखीच पद्धत, एकीची एक ओळ. मी बांधावर बसलो. खरं म्हणजे मला तिथेच आडवं व्हायचं होतं.

एका म्हाताऱ्या काकींची ओळ खूप मागे राहिली होती. बाकीच्या पुढे गेल्या होत्या. एक तरुण बाई आपली ओळ संपवून उठली, कंबर ताणली, आणि मला वाटलं आता पाणी प्यायला जाईल. ती वळली. काकींच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तिकडून निंदत काकींच्या दिशेने येऊ लागली. येता येता ओरडली, "ए काकी, सोई गी कई?" म्हणजे, झोपलीस की काय.

काकींनी माती झटकत काहीतरी खमंग उत्तर दिलं. सगळ्या हसल्या. राठौरजीही हसले, पण अर्थ सांगायला तयार होईनात.

मी ताठ बसलो. हे मी हजार वेळा पाहिलं होतं, आमच्याच शेतात. ज्याची पात आधी संपते तो मागे राहिलेल्याच्या पातीत समोरून शिरतो. दोघं निंदत निंदत मधे भेटतात, आणि तिथे पात संपते. मागे राहिलेल्याने मदत मागायची नसते. आलेल्याने विचारायचं नसतं. थट्टा मात्र करायची असते, कारण थट्टा नसेल तर ती मदत वाटते. वहिनी यात पटाईत होत्या. त्यांनी कितीजणींच्या पाती अशा पुऱ्या केल्या असतील. पण आठवून पाहिलं तर त्यांच्या पातीत समोरून कोणी शिरल्याचं मला आठवेना, कारण त्या कधी मागेच पडल्या नव्हत्या. आणि आता पडल्या होत्या तेव्हा आम्ही सगळे बांधावर उभे राहून त्यांना समजावत होतो.

"राठौरजी," मी विचारलं, "काकी त्या मुलीला धन्यवाद म्हणतील का?"

"धन्यवाद?" राठौरजींनी मिशीवरून हात फिरवला. "छोरी पूछेगी, काकी, तबीयत तो ठीक है?"

तोवर त्या दोघी भेटल्या होत्या. काकींनी हात पुढे केला, मुलीने त्यांना ओढून उभं केलं. दोघी पाणी प्यायला गेल्या. शेतात एवढंच घडलं.

निघताना

आभाराच्या पत्राच्या सत्रात सगळे खाली माना घालून लिहीत होते. काहीजण डोळे पुसत होते. मी जे लिहिलं त्यात आभार हा शब्द नव्हता. लिहून झाल्यावर ते शेजाऱ्याला वाचून दाखवायचं होतं. राठौरजींना मराठी अर्धवट कळते. त्यांनी ऐकलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असावं, पुन्हा एकदा ऐकवायला सांगितलं. मृणालमॅडमना मी कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "हे माझ्या स्लाइडमध्ये बसत नाही," आणि परत देताना कागद नीट घडी करून दिला.

फोन का केला नाही, असं कोणी विचारेल. दादाच्या स्पीकरवर ही गोष्ट बोलता आली नसती. आणि वहिनींना वाचायला आवडतं. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा त्या सरळ करून वाचतात. पत्र मल्हारगंजच्या पोस्टात टाकलं.

शेवटच्या सकाळी गाडीचं गाणं ऐकू आल्यावर मी दोन्ही डबे घेऊन खाली गेलो. ओला ओल्यात, सुका सुक्यात. वर आलो तर काकू दारात उभ्या. "अरे वा! आता झालात इंदौरी," त्या म्हणाल्या आणि माझ्या बॅगेत जीरावणाची पुडी कोंबली. मी धन्यवाद म्हणालो नाही. "पुढच्या वेळी शेंगदाणे आणतो, पोह्यांत टाकून दाखवतो," म्हणालो. काकूंनी नाक मुरडलं, आणि त्यांना ते आवडलं.

परतीच्या बसमध्ये मी खलघाटला जागा होतो. थकवा गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. परत आल्यावर रुग्णालयात दोघांना 'आज जमणार नाही' म्हणालो. म्हणताना घाम आला, पण जमलं.

पत्राला उत्तर आलं नाही. काही दिवसांनी दादाचा फोन आला. "अरे, तुझी वहिनी विचारते आहे, ते डॉक्टर येतात त्या दिवशी दवाखान्यात सकाळी गर्दी असते की दुपारी?" मागून वहिनींचा आवाज आला, "'विचारते' नाही म्हणायचं, 'सहज' म्हणायचं!" आता त्यांची औषधं सुरू आहेत. झोप थोडी लागते. थट्टा अजून पूर्वीइतकी नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल.

ते पत्र असं होतं.

*वहिनी,*

*इकडे लसणाची निंदणी चालू आहे. आमच्यासारखीच पात धरतात. तुम्ही इथे असता तर सगळ्यांना मागे टाकलं असतं, आणि मग उगाच वळून बघितलं असतं, कोण मागे राहिलं ते.*

*तीन गोष्टी आठवायचं मी सांगितलं ते विसरून जा. चूक माझी. तुम्ही कृतघ्न नाही. तुमची पात मागे राहिली आहे, एवढंच झालं आहे. तण फार झालं आहे आणि कंबर दुखते आहे. असं कोणाचंही होतं. तुमचं कधी झालं नव्हतं म्हणून तुम्हाला ते ओळखता येत नाही.*

*मी इतके दिवस बांधावरून ओरडत होतो. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं, तेवढं केलं. आता ते बंद. काही फेडायला येत नाही. माझी पात इकडची संपली, म्हणून समोरच्या टोकाने तुमच्या पातीत शिरतो आहे. त्या टोकाला डॉक्टर आहेत, चिठ्ठी काढणं आहे, बाकावर थांबणं आहे. ते सगळं मी निंदत येतो. तुम्ही तुमच्या टोकाने जमेल तेवढं या. नाही जमलं तर बसून राहा, पण पातीतून उठून जाऊ नका.*

*डॉक्टरांसमोर मी बोलणार नाही. बाहेर बसेन. मी तुमचा समुपदेशक नाही, दीर आहे.*

*काय हो वहिनी, झोपलात की काय? एवढ्या हळू तर तुम्ही सासरी आलात तेव्हाही चालत नव्हतात.*

*येतो आहे.*

*तुमचा*
*भाऊजी*